तीन फुटांवरून दिसणारं घर

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आतून तपासायचा. पण उभं राहून नाही. गुडघे टेका. आता तुमची उंची तीन फूट. शेगडीचे खटके थेट नाकासमोर आले. घडीच्या टेबलाचा कोपरा कपाळाच्या रेषेत. वरच्या बर्थची शिडी तर ‘चढ ना’ म्हणून खुणावतेय. असं दारापासून मागच्या खिडकीपर्यंत सरकत जा आणि जिथे हात शिवशिवेल तिथे थांबा.

ट्रेलर भाड्याने देणाऱ्या एका आवारात एक बाई नऊ वर्षं हेच करत होती. शिकलेली फिटर, वेल्डिंगलाही हात साफ. गिऱ्हाइकाबरोबर लहान मुलं आहेत असं कळलं, की ट्रेलर हवाली करण्याआधी तिची गुडघ्यांवरून एक फेरी ठरलेली. म्हणून तिचं नावच पडलं, गुडघेमावशी. धाकटा भाऊ ऑफिस सांभाळायचा. तो चिडवायचा, “ताई, तुझी पँट गुडघ्यांवरच फाटते. बाकीची नवीकोरी असते.”

“मग बाकीची तू घाल.”

जिथे तिचा हात शिवशिवला, तिथे ती लाल रंगाचा पट्टा ओढायची. शेगडीचे खटके, हँडब्रेक, गाडीला जोडायचा हुक, चाकांखालच्या लाकडी पाचरी. नियम सोपा : लाल दिसलं की हात मागे. नऊ वर्षांत एकाही मुलाला खरचटलं नव्हतं, आणि या रंगाचा तिला मनातून अभिमान होता.

त्या सकाळी एक कुटुंब आलं. आई, बाबा, पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा, अजून बोलायला न लागलेला बाळू. मुलीकडे बोट दाखवून आई म्हणाली, “ही आमची प्रश्नपत्रिका. सोडवून सोडवून आम्ही थकलो, पण वेळ काही संपत नाही.”

गुडघेमावशीने लाल पट्ट्यांचा नियम समजावला. आई-बाबांनी माना डोलावल्या. मग ती बाबांना हँडब्रेक शिकवायला लागली. आवाराला थोडा उतार होता, पण दोन्ही चाकांना पाचरी लावलेल्या. काळजीचं कारण नव्हतं.

“सोडा आता,” ती म्हणाली.

बाबांनी ब्रेक सोडला आणि ट्रेलर वीतभर सरकला. दारात उभा असलेला बाळू आतच धपकन बसला. मावशीने झडप घालून ब्रेक ओढला. मग बाळूने विचार करून भोकाड पसरलं, आणि ट्रेलरच्या मागून प्रश्नपत्रिका आली. पोटाशी लाल पाचर धरलेली, बाहुली धरावी तशी.

“मावशी, अकरा लाल सापडले! हे एकच सुटं होतं.”

मावशीने वाकून दुसरं चाक पाहिलं. दुसऱ्या चाकाची पाचर नसती तर? बाळू दारात नसून चाकाजवळ असता तर? आणि ब्रेक सोडा म्हणण्याआधी पाचरी पुन्हा बघायच्या, हे ती शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडत आली होती.

“का काढलीस गं?” आईने दंड धरला.

“लाल होतं ना! सगळ्यात छान तेच होतं.”

मावशी खाली बसली. नऊ वर्षं तिने धोक्यांवर पाटी लावली होती, आणि ज्यांच्यासाठी लावली त्यांनी ती आमंत्रण म्हणून वाचली होती.

“आज ट्रेलर मिळणार नाही,” ती म्हणाली.

“अहो, चार दिवसांची सुट्टी मोठ्या मुश्किलीने मिळालीय!” बाबा म्हणाले. भाऊ ऑफिसातून धावत आला. “ताई, कुणाला लागलं नाही ना? मग?”

“लागलं नाही हे माझं काम नाही, नशीब आहे. निदान दुपारपर्यंत थांबा.”

तिने थिनर आणि फडकं घेतलं, आणि पट्टे पुसायला घेतले. पाचरी साखळीने चाकाला बांधल्या, वर मोठ्या माणसालाच जोर लावून उघडेल अशी कडी घातली. शेगडीच्या खटक्यांवर झाकण बसवलं. प्रश्नपत्रिका मागे मागे होतीच. शेवटी मावशी म्हणाली, “चल, तूच दाखव. तुला कुठे कुठे हात घालावासा वाटतो?”

दोघी गुडघ्यांवरून निघाल्या. टेबलापाशी पोर थांबली. बिजागरीमागे एक बारीक फट होती. तिने सहज करंगळी आत घातली, दुसऱ्या पेरापर्यंत.

“हलू नकोस!” मावशीने टेबल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बोट बाहेर आल्यावर तिने स्वतःची करंगळी लावून पाहिली. नखसुद्धा आत जाईना. उंची तिने कमी केली होती. बोटं मात्र वेल्डरचीच राहिली होती. तीच फट घेऊन हा ट्रेलर किती घरांच्या सुट्ट्या फिरून आला असेल, कोण जाणे.

तिने फटीत रबर ठोकून बसवलं. दुपारी तीनपर्यंत पोरीने आणखी चार जागा दाखवल्या. “घ्या, हिलाच कामावर ठेवतो,” भाऊ म्हणाला.

“मला सुट्टीवर जायचंय,” प्रश्नपत्रिकेने ठणकावलं.

निघायच्या आधी मावशीने बाळूला आत सोडलं, आणि त्याच्यामागे पोटावर पालथी झाली. तो रांगत खालच्या बर्थपाशी गेला, डाव्या कोपऱ्याकडे टक लावून थांबला आणि खुदकन हसला. मग तिथे जाण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडायला लागला. मावशीने टॉर्च मारला. बोट फिरवलं. आरसा सरकवून बघितलं. ना फट, ना खिळा, ना चमकणारं काही. प्रश्नपत्रिकेलाही काही दिसलं नाही. अखेर मावशीने त्या कोपऱ्याला प्लायवूडचा तुकडा स्क्रूने बसवला, आणि पाचरी दोनदा तपासून ट्रेलर दिला.

पाचव्या दिवशी ट्रेलर परत आला. चौघंही धडधाकट, उन्हाने रापलेले. गुडघेमावशीने प्लायवूड काढलं, हनुवटी जमिनीला टेकवली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. भावाने दोनदा जेवायला हाक मारली.

ज्याला बोलताच येत नाही, त्याला तिथे नेमकं काय दिसलं होतं?