लाल दोऱ्यातली मोठी माणसं

सहीवाले भाऊजी गर्दीत कधी मागे उभे राहिले नाहीत. अकोल्यात कोणी नामांकित माणूस उतरला की ते हातातलं काम टाकून निघत. खांद्यावर पांढरं उपरणं, कानावर बोरू, कमरेला दौत. कोपरांनी वाट काढत ते थेट त्या माणसाच्या पुढ्यात जात, उपरण्याचं टोक पसरत आणि म्हणत, "महाराज, येवढी सही द्या." पैलवान असो, शास्त्रीबुवा असोत की गोरा साहेब असो, त्यांच्या लेखी सगळे महाराजच. लोक हसत. मीही हसले आहे, आणि पुष्कळदा चिडलेही आहे. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. कोणाची सही मिळाली हे मला माझ्या चुलीपाशी बसल्या बसल्या कळे.

ते दिवसच वेडाचे होते. अमेरिकेत कुठे लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसं चळली. काल अनवाणी फिरणारा आज घोड्यावर बसू लागला. पैसा आहे म्हटल्यावर माणसं येणारच. ज्यांची नावं नुसती ऐकून माहीत होती ते गवई, पैलवान, पुराणिक, जादूगार अमरावतीहून अकोल्याला, अकोल्याहून बाळापूरला हिंडू लागले. आमचे यजमान सरकारी शाळेत मास्तर, पुण्याकडून बदलून आलेले. त्यांना हा सगळा पोरखेळ वाटे. भाऊजी कापसाच्या बाजारात मापारी होते आणि त्यांना वाटे, मोठी माणसं आपल्या दारावरून जाताहेत तोवर त्यांना थांबवून घ्यावं.

पण सही मिळणं सोपं नव्हतं. तेव्हा कोणापुढे कोरा कागद धरला की त्याला सावकाराचं कर्जखत आठवे. पहिल्यांदा भाऊजींनी एका प्रख्यात पखवाजीपुढे कागद धरला, तर तो बिचारा हात मागे बांधून उभा राहिला. "वर मजकूर कोण लिहिणार?" म्हणाला. भाऊजी हिरमुसून घरी आले. त्यावर त्यांच्या बायकोने, भागाबाईने, उपरण्याची युक्ती काढली. ती त्यांना म्हणाली, "कापडावर घ्या ना मंग. कापडावर खत लिवलेलं पायलं कोनं?" तेव्हापासून कोणी नाही म्हटलं नाही.

ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करत. पैलवानाने गदा काढली, आणि काढताना दोन बोरू मोडले. एका प्रसिद्ध गवईणीने बांगडी काढली, बायकांची निशाणी बांगडीच असते. ही शाई पाण्याने जाणारी, म्हणून प्रत्येक सही भागाबाई लाल दोऱ्याने शिवून पक्की करी. तिला अक्षरओळख नव्हती. ती रेघेवरून सुई नेई, टाका अगदी बारीक. "मोठ्या मानसाचं नाव असं टोचल्याबिगर ध्यानात राह्यत नाई," असं तिचं म्हणणं.

खरी गंमत त्या शिवण्याच्या वेळची. भाऊजी सही घेऊन आले की हातपाय न धुता, पाणीही न पिता सांगायला बसत. माणूस कसा बसला होता, तोंडात पान होतं की सुपारी, बोरू कसा धरला, नाव काढताना जीभ बाहेर आली का. भागाबाई शिवता शिवता विचारी आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगत. शिवण चाले तितके दिवस तो माणूस त्यांच्या घरी मुक्कामाला असल्यासारखा. ती मला म्हणे, "मास्तरीनबाई, पैलवान काल गेला आमचा. आज घर सुनं लागते." त्यांना मूलबाळ नव्हतं. ती हिवरखेडची लेक, लग्न होऊन अकोल्यात आली ती पुन्हा वेशीबाहेर पडली नाही. जग काय ते नवऱ्याच्या तोंडून तिच्या मांडीवरच्या कापडावर यायचं.

एकदा रस्त्याची मोजणी करणाऱ्या एका साहेबाची सही मिळाली. भागाबाईने तीन संध्याकाळ खपून ती शिवली. पुढे कचेरीतल्या एका कारकुनाने पाहून सांगितलं की बाई, ही उलटी आहे. भाऊजी तिच्यावर वैतागले. ती शांतपणे दोरा तोडत म्हणाली, "सायेबच उलट्या बाजूनं बसला असंन, त्याले मी काय करू?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. तिचा मोठ्याने हसण्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला तो त्या वर्षी, आणि नंतर फारसा नाही. भाद्रपदात तिला हिवताप लागला.

तिच्या मनात एकच सही होती. ती परकरी पोर असताना हिवरखेडच्या देवळात एका कीर्तनकारबुवांचं कीर्तन झालं होतं. रात्र चढली तशी मोठी माणसं पेंगू लागली. बुवांनी मध्येच थांबून या पोरीकडे बोट केलं. "ही एकटी जागी आहे, माझं कीर्तन हिच्यासाठी," असं म्हणाले आणि आपल्या हाताने तिला खडीसाखरेचा खडा दिला. ही गोष्ट तिने मला किती वेळा सांगितली असेल! आयुष्यात तिला कोणी मोठ्या माणसाने चारचौघांतून निवडून काढलं असेल तर तेवढंच. पुढे बुवांचं नाव फार झालं. ते कोणाला सही देत नसत, असंही ऐकू येई. नवरात्रात ते अमरावतीला अंबादेवीच्या देवळात येणार, असं कळलं तेव्हा तिचा ताप आठवडाभर उतरला नव्हता.

भाऊजी दिवसभर आत-बाहेर करत होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, हे जायचे दिवस नव्हेत." ते खाली मान घालून म्हणाले, "मले समजते वयनी. पन थेच म्हनून राह्यली, जा म्हनून." मी आत गेले तर भागाबाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल. "जाऊ द्या त्यायले," ती म्हणाली. "मी काय पयून जातो का कुठं? बुवा आता थकले. पुढच्या साली येतीन का नाई, कोनं पायलं?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पन आयका, नुसती सही आनू नका. बुवा कसे दिसतेत, थे नीट पाहून या. मले समदं पायजे." पहाटे ते एका बैलगाडीने अमरावतीला गेले.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जरा सावध वाटली. मला म्हणाली, "तुमच्याकडं बारीक सुई असंन तं देऊन ठेवा. बुवाचा हात आता कापत असंन. रेघ बारीक येईन." मी सुई दिली. तिने ती मला ओवायला लावली, तिला दोरा दिसत नव्हता. त्यानंतर ताप पुन्हा चढला. वैद्यांच्या मात्रेचा उपयोग झाला नाही. मधूनच ती दाराकडे बघून "आले का?" विचारी. मी "येतीलच आता" म्हणे. दुसरं काय म्हणणार? चौथ्या दिवशी दिवेलागणीला ती गेली. नवऱ्याची वाट किती पाहायची, म्हणून त्याच्या चुलतभावाने अग्नी दिला. माझ्या मनात त्या क्षणी भाऊजींविषयी इतका संताप होता की ते समोर आले तर तोंडावर बोलावं असं मी ठरवलं होतं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी नेहमीसारखा आवाज दिला, "अवं, आयकलं का! बुवानं देल्ली!" उपरणं घामाने भिजू नये म्हणून केळीच्या पानात गुंडाळून छातीशी धरलेलं. मी ओट्यावर उभी होते. ते हसत हसत चार पावलं पुढे आले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मी बाजूला सरले.

ते आत गेले. जिथे तिला शेवटी ठेवलं होतं तिथे पिठावर पणती तेवत होती. ते पणतीसमोर बसले. मी दारातून डोकावले. त्यांनी उपरणं उलगडून मांडीवर घेतलं होतं आणि ते पणतीला सांगत होते.

"बुवा लय थकले व. दोघं जन धरून आनत होते त्यायले. दात नाईत आता. मी सहीचं बोललो तं चेले अंगावर आले. मंग मी हिवरखेडची गोष्ट सांगतली, खडीसाखरेची. बुवाले याद नव्हती. खोटं कायले सांगू, याद नव्हती. म्हनले, अशे कितीक गावं झाले बाप्पा. पन मले इचारलं, नाव काय तिचं? म्या कधी घेतलं का तुहं नाव चारचौघांत? पन घेतलं. तू म्हनली तसाच हात कापत होता. बोरू असा आडवा धरला, दोन बोटांत..."

मी तोंडात पदर कोंबून बाहेर आले. राग कुठल्या कुठे गेला होता. जे ऐकलं ते अजून माझ्यापाशी आहे.

संध्याकाळी त्यांनी ते उपरणं मला दाखवलं. मला वाचता येतं हे त्या गल्लीत त्या दोघांनाच ठाऊक होतं. बुवांचं नाव वाकडंतिकडं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'सौ. भागाबाईस अनेक आशीर्वाद.' मी वाचून दाखवलं. मग मीच म्हणाले, "भाऊजी, मी शिवून देते. नाहीतर पहिल्या धुण्यात जाईल." त्यांनी उपरणं माझ्या हातून काढून घेतलं. "नोको वयनी. थे तिचं काम होतं."

दहाव्याला पुरुषमंडळी मोर्णा नदीवर गेली. आमच्या यांनी घरी येऊन सांगितलं, की भाऊजी ते उपरणं खांद्यावर घेऊनच पाण्यात उतरले. यांनी काठावरून हाक मारली, "अहो, उपरणं!" भाऊजींनी वळून पाहिलं, आणि तसेच बुडी मारून वर आले. ते मुद्दाम की भान नव्हतं म्हणून, हे यांना कळलं नाही. मलाही नाही. बुवांच्या सहीच्या जागी एक राखी डाग उरला. बाकीची सगळी मोठी माणसं लाल दोऱ्यात जशीच्या तशी होती, तो साहेबसुद्धा, उलटाच.

पुढच्या वर्षी ती बांगडी काढणारी गवईण पुन्हा अकोल्यात आली. भाऊजी बाजारातून निघाले तेव्हा मला वाटलं, चला, माणूस सावरला. यांच्याबरोबरच ते गेले आणि गर्दीत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. गवईणीने त्यांना ओळखलं. मैफल उठल्यावर तिने आपण होऊन उपरण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी हात जोडले, पाठ फिरवली आणि घरचा रस्ता धरला. मी ओट्यावरच होते. दौत कमरेला तशीच होती. मी विचारलं, "काय हो भाऊजी, नाही मिळाली का?"

ते कुलपाला किल्ली लावत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "देत होती वयनी. पन घरी येऊन सांगू कोनाले?"