चष्मेवाल्याचा भरवशाचा माणूस

नकाशेकाकांचा लॅपटॉप म्हातारा झाला होता, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना मान्य होतं. झाकणाची एक बिजागरी केव्हाच तुटलेली, म्हणून पडद्यामागे पत्र्याचा डबा टेकवलेला. चार्जरची वायर एका ठरावीक कोनात मुरडली तरच वीज आत शिरायची, आणि तो कोन फक्त काकांना ठाऊक. पण लोकांच्या घरांचे नकाशे काढायचा त्यांचा जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चालेना. तो या लॅपटॉपवर नांदत होता आणि काकांचा संसार त्याच्यावर. आता लॅपटॉप तापला की डोळेच मिटायला लागला. कुणाच्या स्वयंपाकघराची भिंत अर्धी काढून व्हावी आणि पडदा काळा.

"भावजींना दाखवा की," काकू म्हणाल्या.

भावजी म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. लॅपटॉप दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. स्वतःच्या घरातल्याच एका खोलीत टेबल टाकून बसतो. आणि गंमत बघा, गल्लीत कुणाचंही यंत्र बिघडलं की काका छाती फुगवून सांगायचे, आमच्या धाकट्याकडे जा, डोळे झाकून जा. लोक जायचे, खूश होऊन यायचे, काकांचा मान वाढायचा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र काकांची पाचावर धारण बसली. लहानपणी धाकट्याने घरातलं घड्याळ उघडलं होतं, मग आईचं शिवणयंत्र उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा बंद करताना काही स्क्रू हातात उरले होते. ज्याचं नाक आपण पुसलं, त्याच्या हातात आपलं पोट कसं द्यायचं? लोकांचं ठीक आहे हो, बिघडलं तर लोकांचं बिघडेल. असं ते मोठ्याने म्हणाले नाहीत, पण मनात हेच होतं, आणि अहो, तेच तर वाईट.

काकूंना त्यांनी सांगून टाकलं की धाकट्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, कशाला त्याला त्रास. मग लॅपटॉप जुन्या टॉवेलात गुंडाळून काका मागच्या गल्लीने बाहेर पडले, चोरी केल्यासारखे. धास्ती एकच होती. धाकट्याला कळता कामा नये. आई गेल्यापासून त्याला आपलं म्हणून कौतुकाने बघणारं दादाशिवाय कुणी उरलं नव्हतं, हे काकांना चांगलं ठाऊक होतं.

पहिल्या दुकानातल्या दीडशहाण्याने लॅपटॉप न उघडताच बोर्ड गेल्याचं जाहीर केलं आणि नवे लॅपटॉप दाखवायला लागला. दुसरं दुकान काचेचं, थंडगार. तिथल्या मुलीने गोड आवाजात पासवर्ड मागितला आणि आतलं काही गेलं तर आमची जबाबदारी नाही, असंही तितक्याच गोड आवाजात सांगितलं. काकांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला. तिसरं दुकान बस थांब्याशेजारी होतं, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका सज्जन माणसाचं. त्याने मागचं झाकण उघडलं, वाकून वाकून पाहिलं आणि सरळ कबूल केलं की हे बोर्डाचं बारीक काम माझ्या हातचं नाही. अशी कामं मी माझ्या एका माणसाकडे पाठवतो. तुमची एक फाईल इकडची तिकडे व्हायची नाही.

काकांना हायसं वाटलं. शेवटी भेटला एक प्रामाणिक माणूस, असं म्हणत ते घरी आले.

लॅपटॉप झाल्याचा निरोप आला तेव्हा ते लगबगीने गेले. चष्मेवाला म्हणाला, बसा, माझा माणूस स्वतःच घेऊन येतोय. काका स्टुलावर बसले. त्या माणसाचे आभार कसे मानावेत हे मनाशी जुळवत होते, तेवढ्यात धाकटा आत आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात तोच टॉवेल.

काका दचकून स्टुलावरून अर्धे उठले. धाकटा मात्र दचकला नाही. दचकेल कशाला? लॅपटॉप इतके दिवस त्याच्याच टेबलावर होता.

"साहेब, तपासून घ्या," तो म्हणाला.

साहेब! जन्मात कधी दादाशिवाय हाक न मारलेल्या तोंडाने. त्याने लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर आईचा फोटो उमटला, दोन्ही बाजूंना दोघं भाऊ, आईच्या खांद्यावर हात टाकून. चष्मेवाला बघायला पुढे झुकला, तसा धाकट्याने पडदा हलकेच काकांकडे वळवला आणि स्वतः मध्ये उभा राहिला. पंखा बदललाय, म्हणाला, आतली धूळ काढलीय, बोर्डावरचा एक सुटलेला जोड बसवलाय. बिजागरीही नवी घातलीय. सगळं सांगताना त्याने काकांकडे एकदाही पाहिलं नाही. काका लाजेने इतके आक्रसले होते की पडद्यावरचा धाकटाही त्यांना बघवेना.

चष्मेवाल्याला काय कल्पना! तो आपला कौतुकात रंगला. "फार गुणी माणूस आहे हा, साहेब. याचा मोठा भाऊ तर अख्ख्या गल्लीला याच्याकडे पाठवतो म्हणे. हा नेहमी सांगतो आम्हाला, माझ्या दादाचा माझ्यावर केवढा विश्वास आहे ते. काय रे?"

तो भाऊ मीच, एवढंच तर म्हणायचं होतं. काकांनी तोंड उघडलंसुद्धा. पण मग पुढचं काय सांगणार?

धाकटा पिशवीचा पट्टा आवळत होता. "हो," तो म्हणाला, "दादा आहे म्हणून चाललंय माझं."

मग त्याने लॅपटॉप टॉवेलात नीट गुंडाळला, काकांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "पुन्हा काही झालं तर इथेच आणून देत जा, साहेब. इथून माझ्याकडेच येईल. घरी कुणाला कळायचं नाही."

काका खाली मान घालून म्हणाले, "बरं."