चारुदत्त काकांची जड गोळी

आमच्या गावात मराठी माणसं दोन. एक मी आणि दुसरे चारुदत्त काका. तिसरं शोधायचं तर चार तास गाडी हाणावी लागते, आणि मोंटानात हिवाळ्यात गाडी हाणणं म्हणजे जिवाशी खेळ. मी इथल्या लहानशा हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आडगावात काम करायच्या व्हिसाच्या अटीपायी आले, अट संपली की पळणार होते, अजून इथेच आहे. काकांना तर पन्नास वर्षं होत आली. नागपूरला धातुशास्त्र शिकून ते इथल्या शिसं गाळायच्या कारखान्यात लागले. पुढे कारखाना बंद पडला, बरोबरीचे देशी लोक न्यू जर्सीकडे निघून गेले, मुलगा नील नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला स्थायिक झाला, रेखाकाकू वारल्या. काका तेवढे राहिले.

नील दर रविवारी फोनवर डोकं खायचा. "बाबा, इथे मंदिर आहे, मराठी मंडळ आहे, आन्याला आजोबा हवेत. तिथे तुमचं आहे कोण?"

"वेन आहे," काका म्हणायचे. नीलला वाटायचं, बाबा विषय टाळतायत. पण ते खरंखुरं उत्तर होतं.

वेन म्हणजे शेजारी. उंच, हाडकुळा, कुरकुऱ्या म्हातारा. बायको केव्हाच सोडून गेलेली, मुलगी लांब ॲरिझोनात. दर ऑक्टोबरात हा एल्कच्या शिकारीला जाणार. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगानं लहानशा म्हशीएवढा. आणि वेनच्या जुन्या, रुंद नळीच्या रायफलीसाठी गोळ्या ओतणार कोण, तर चातुर्मासात कांद्यालाही हात न लावणारे आमचे काका!

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भडकलेच. "काका, अंडं चालत नाही तुम्हाला, आणि हे धंदे?"

काकांनी मला गॅरेजमध्ये नेऊन तळहातावर एक गोळी ठेवली. अंगठ्याच्या पेरापेक्षा जाड, समोरून चपटी, आणि इतकी जड की हात आपोआप खाली गेला.

"बाजारातली साधी गोळी हलकी असते आणि फास्ट जाते," ते म्हणाले. "लागली की आत पसरते, फुटते. छोट्या हरणाला ठीक आहे. पण एल्कच्या खांद्याच्या हाडावर बसली, तर कधी कधी तिथेच तुकडे होतात. मग ते बिचारं जखम घेऊन डोंगरभर फिरतं. ही स्लो आहे, पण हिला हाड अडवत नाही. या अंगानं शिरते, त्या अंगानं निघते. जागेवर लागली तर जनावर चार पावलं टाकून बसतं. वेन मारायचा तो मारणारच गं. निदान हाल नकोत."

नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून काका त्यात कथील आणि अँटिमनी घालायचे. अँटिमनी जास्त झाली की गोळी ठिसूळ होते, त्यामुळे हे माप त्यांनी कारखान्यातल्या अनुभवावर बसवलं होतं. उन्हाळा संपता संपता गॅरेजचं दार उघडं टाकून दोघं बसायचे. काका पळीनं वितळलेलं शिसं साच्यात ओतायचे, वेन साचा ठोकून गोळी बाहेर पाडायचा. शेजारी आल्याच्या चहाचा थर्मास. बोलणं जवळपास नाहीच. मी एकदा तासभर बसले होते, जांभया देऊन देऊन जबडा दुखला.

रेखाकाकू गेल्या त्या आठवड्यात गावातली माणसं केक आणि कार्डं घेऊन येऊन गेली. वेन हात हलवत आला आणि दारातच म्हणाला, "चारू, शिसं तापवायचं का?" तेव्हा जुलै होता. शिकारीचा हंगाम कुठल्या कुठे. पण दोघांनी दिवसभर गोळ्या ओतल्या, आणि त्या दिवशी काका पहिल्यांदा जेवले.

शिकारीत मदत करणाऱ्याला मांसाचा वाटा द्यायचा, अशी इथली रीत. काका ते खाणार नाहीत, म्हणून वेन दर वर्षी बटाट्यांचं पोतं आणायचा. ओट्यावर पोतं आपटून सरळ आत यायचा, चहा प्यायचा आणि अंधार पडेपर्यंत हलायचा नाही.

गेल्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा हातात पोतं नव्हतं. मी तिथेच होते, काकांच्या गुडघ्याला इंजेक्शन द्यायला आले होते. वेननं उरलेली काडतुसं टेबलावर ठेवली.

"मोठा नर होता," तो म्हणाला. "लागली त्याला, मी पाहिलं. पण पडला नाही. झाडीत घुसला, उजेड गेला, सापडला नाही. चारू, या वेळी तुझ्या गोळीनं दगा दिला."

काकांचा चेहरा असा उतरला की मला वेनचा राग आला. तो गेल्यावर त्यांनी त्याच घाण्यातल्या शिल्लक गोळ्या काढल्या आणि कडक-मऊ शिशाच्या पेन्सिली एकेक करून त्यांवर ओढत बसले. कुठल्या पेन्सिलीचा ओरखडा उठतो, त्यावरून गोळीचा कडकपणा कळतो.

"कडकपणा बरोबर आहे," ते म्हणाले. "सकाळी मला वर घेऊन चल."

"काका, या गुडघ्यावर डोंगर? वेड लागलंय का?"

"एक जीव माझ्यामुळे तडफडत असेल, तर मला बघायला नको?"

सकाळी आम्ही तिघं निघालो. वेननं वाट दाखवली, मी काकांना धरून धरून नेलं. रक्त मात्र भरपूर सांडलेलं होतं आणि माग चुकणं शक्य नव्हतं. नर ओढ्याच्या काठी सापडला. रात्रीत केव्हातरी मेला होता. भोवतालचं गवत खुरांनी उकरून निघालं होतं. त्याला मरायला किती वेळ लागला असेल, हे मला डॉक्टर म्हणून कळत होतं, आणि ते कळायला नको होतं.

इतक्या वर्षांत काकांनी मेलेलं जनावर जवळून पाहिलं नव्हतं. ते गुडघे टेकून बसले आणि हातानं केस बाजूला केले. एका अंगाला भोक होतं. आम्ही धड जरा उचललं, तर समोरासमोर दुसऱ्या अंगालाही. गोळी सरळ आरपार गेली होती. फक्त खांद्यामागे, काळजाशी लागायची, ती पार मागे पोटात लागली होती.

काकांनी वर पाहिलं. शंभरेक पावलांवर एका वठलेल्या झाडावर मोठाले काळे कावळे आमच्या जाण्याची वाट बघत बसले होते.

"वेन, त्या झाडावर काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

वेननं डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. "काही नाही. का?"

काकांच्या मनात काय आहे ते मला समजलं, आणि त्याची किंमतही. वेनची शिकार सुटली की गोळ्या ओतणं सुटलं, गॅरेज सुटलं, मग या माणसाला दिवसभरात हाक मारणारं कोण उरणार? मी घाईनं मराठीत म्हटलं, "काका, शिसं मऊ पडलं म्हणा. काय बिघडतं? पुढच्या वर्षी दुसरं करून देतो म्हणा. म्हातारा खूश राहील. तुम्हीसुद्धा."

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकलं माझं. मग ते इंग्रजीत वेनला म्हणाले, "गोळीनं तिचं काम केलंय. तुला दिसत नाहीये, वेन. त्या झाडावर कावळे बसलेत. आता तू बंदूक उचलू नयेस."

वेननं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा जनावराकडे. मग टोपी काढली, परत घातली. परतीच्या वाटेवर तो आमच्या बराच पुढे चालत राहिला. दोनदा झाडांच्या मुळांत पाय अडकून ठेचकाळला, पण मागे वळला नाही.

आठवड्यानं काकांच्या ओट्यावर बटाट्यांचं पोतं आलं. बेल वाजली नाही. काकांना दार उघडल्यावर ते दिसलं तेव्हा वेनच्या घराचा दिवा लागलेला होता आणि पडदा ओढलेला. त्या हिवाळ्यात मी जाईन तेव्हा त्यांच्याकडे बटाट्याची भाजी असायची आणि स्वयंपाकघरात चहाचे दोन कप काढून ठेवलेले. मी गेले की दुसरा मला मिळायचा. मी काय, आठवड्यातून एकदा जाणार.

मार्चमध्ये वेनची मुलगी त्याला ॲरिझोनाला घेऊन गेली. निघताना तो कुंपणापाशी आला, काकांशी हात मिळवला, हवेबद्दल काहीतरी बोलला आणि गाडीत बसला. बस्स. घरापुढे विक्रीची पाटी लागली.

नीलचे फोन वाढले. काका आता "वेन आहे" म्हणत नाहीत. "बघू" म्हणतात.

परवा गेले तर गॅरेजचं दार उघडं होतं. शेगडीवर भांडं तापलेलं. मला बरं वाटलं, म्हटलं काकांनी पुन्हा काहीतरी सुरू केलं. जवळ जाऊन पाहिलं, तर ते उरलेल्या तयार गोळ्या एकेक करून वितळलेल्या शिशात सोडत होते. थर्मास शेजारी होता. समोरची खुर्ची रिकामी होती.

मी त्या खुर्चीवर बसले. राहवेना, म्हणून विचारलं, "काका, त्या दिवशी खोटं बोलला असतात, तर आज वेन इथे बसला असता ना?"

"असता की," काका म्हणाले. आणखी एक गोळी त्यांनी भांड्यात सोडली आणि ती वितळेपर्यंत बघत राहिले. "मला तेच तर हवं होतं गं. खोटं माझ्या सोयीचं, हाल जनावराचे. म्हणून तर खरं सांगावं लागलं."

मग त्यांनी थर्मास उघडला आणि दोन कप भरले.