डिकीतली पेटी

मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नट-बोल्ट, वायसर, हातमोजे, ग्रीसचे डबे, सगळं माझ्या ताब्यात असायचं आणि माझ्या हातून सहजासहजी सुटायचं नाही. एखादी वस्तू संपत आली की शेवटचा नग मी कुणालाच देत नसे. तो दिला तर अडीअडचणीला काय उरणार? एकदा आमचा सुपरवायझर अक्षरशः हात जोडून म्हणाला, "साहेब, हीच ती अडचण आहे." तरी मी दिला नाही. पुढं बरीच वर्षं हा किस्सा मी माझ्या शिस्तीचा नमुना म्हणून सांगत असे, आणि लोक का हसतात ते मला कळत नसे.

निवृत्त झालो तेव्हा स्टोअर गेलं, स्वभाव मात्र माझ्याबरोबर घरी आला. बायकोनं पहिल्याच आठवड्यात बजावलं की तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायची नाहीत. मग माझ्या वाट्याला गाडीची डिकी आली.

प्रत्येक गाडीत संकटकाळासाठी एक पेटी असावी, असं मी कुठंतरी वाचलं होतं. वाचून सोडून देणाऱ्यांतला मी नव्हे. मी लाल रंगाची मोठी पेटी आणली. बॅटरी उतरली तर जोडायच्या केबल, गाडी ओढायचा दोर, रस्त्यावर उभा करायचा लाल त्रिकोण, चमकणारं जाकीट, प्रथमोपचाराचा डबा, पायानं हवा भरायचा पंप, थंडीत गुंडाळून घ्यायचं चंदेरी पांघरूण, पाणी, बिस्किटं असं करत ती भरली. टॉर्च होता, पण सेल वेगळ्या पुडीत, कारण आत ठेवले की ते पाझरतात. शिट्ट्या दोन होत्या, एक हरवली तर असावी म्हणून. बाटल्यांतलं पाणी मी न चुकता बदलायचो. बाकी बहुतेक सगळं दुकानातून आलं तसंच, सील न फोडता ठेवलेलं होतं. रविवारी मी पेटी उघडायचो, सगळं जागेवर आहे हे बघायचो आणि पुन्हा बंद करायचो. बायको म्हणायची, "अहो, आपण भाजी आणायला जातो. डोंगर चढायला नाही."

तिचं स्वतःचं वेगळंच चाललं होतं. मुलगी लग्न होऊन गेल्यावर ती केक करायला लागली. आधी शेजारच्यांसाठी, मग शेजारच्यांच्या ओळखीत. मी त्याला "तुझा टाइमपास" म्हणायचो, आणि त्याच केकचा कडेचा तुकडा मिळावा म्हणून ओट्याभोवती घुटमळायचोही. एका वाढदिवसाला तिचा केक गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरनं खाल्ला. त्यानं लग्नाच्या स्वागत समारंभासाठी तीन थरांचा केक सांगितला. हा नीट झाला तर हॉटेलातले सगळे केक तुमच्याकडे, असं म्हणाला. तेव्हापासून बायको ओव्हनसमोर स्टूल टाकून बसायची आणि काचेतून आत बघत राहायची. बोललं तरी तिला ऐकू जायचं नाही. इतकं मन लावून काही करताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. किंवा मीच कधी नीट बघितलं नव्हतं.

केक न्यायचा होता आमच्याच गाडीतून. थर वेगवेगळ्या खोक्यांत नेऊन तिथं एकावर एक रचायचे होते. मागच्या सीटवर ठेवता येईना, कारण सीट उतरती, केक घसरतो. डिकीच हवी.

"पेटी काढून ठेवा," ती म्हणाली.

"आणि वाटेत काही झालं तर?"

"केकला काही झालं तर?"

यावर मी "बघतो" म्हणालो. आमच्या घरात "बघतो" म्हणजे मी ऐकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

सकाळी ती क्रीमची फुलं काढत होती तेव्हा मी डिकीसमोर उभा राहिलो आणि कारखान्यात जे करायचो तेच केलं. जागा कमी पडली की स्टोअरमध्ये एक नियम असतो: जो माल वर्षानुवर्षं हललेला नाही तो बाहेर काढायचा. डिकीत असा माल कोणता, हे मी नजर फिरवून शोधलं. पेटी तर दर रविवारी हलायची. डिकीच्या तळाखाली, खळग्यात, गाडी घेतल्यापासून एकदाही न हललेली एकच वस्तू होती. ती मी उचलली, घरात नेली आणि गॅलरीत जुनी चादर टाकून झाकून ठेवली. रिकाम्या खळग्यात पेटीतलं सामान असं चपखल बसलं की मला कुणालातरी बोलावून दाखवावंसं वाटलं. वर फळी टाकली, रिकामी पेटी घरात ठेवली. सपाट, कोरी जागा. बायकोनं ती बघितली आणि म्हणाली, "अरे वा, पेटी काढलीत?" मी नुसता हसलो.

गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं लागली, आणि टायर फाटून मागचं उजवं चाक बसलं.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. इतकी वर्षं ज्याची तयारी केली ते शेवटी घडलं होतं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "काळजी करू नकोस, सगळं आहे आपल्याकडे." मग सगळं केकच्या खाली आहे हे लक्षात आलं. खोकी उचलून बाहेर, झाडाच्या विरळ सावलीत ठेवावी लागली. फळी काढल्यावर खाली माझं सामान बघून बायकोनं नुसती फळी झाडाला टेकवली. तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता.

पण मी रंगात आलो होतो. जाकीट चढवलं. लाल त्रिकोण बराच मागं नेऊन उभा केला. चाकाखाली दगड लावला, हातमोजे घातले, नट सैल केले, जॅक लावून गाडी उचलली, चाक काढलं. एकही पायरी चुकली नाही. मग मी गुडघ्यावर बसूनच मागं हात केला आणि म्हणालो, "आता स्टेपनी."

हात तसाच राहिला.

"स्टेपनी कुठंय?" बायकोनं विचारलं.

"गॅलरीत," मी म्हणालो.

मी घाईघाईनं सांगून टाकलं की ती कधीच हललेली नव्हती, म्हणून काढली. ती शांतपणे म्हणाली, "न हललेलं बाहेर काढायचं असेल ना, तर निवृत्तीनंतर आपल्या घरात अजून कोण हललेलं नाही, ते सांगू का?"

गाडी तीन चाकांवर आणि जॅकवर उभी होती, एसी लावायचा प्रश्नच नव्हता. ऊन सरकत होतं. खोक्याच्या फटीतून दिसणारी फुलं चमकायला लागली होती, म्हणजे क्रीम सुटत चाललं होतं. बायकोनं माझ्या सामानात हात घातला. प्रथमोपचाराच्या डब्यातून दाबल्यावर गार पडणाऱ्या पिशव्या काढल्या. मग ते चंदेरी पांघरूण उचललं आणि त्याचं प्लॅस्टिक फाडायला लागली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, सीलबंद आहे ते."

तिचा हात थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मग हे कधी उघडायचं, ते तरी सांगा मला."

आमच्या सुपरवायझरनंही हात जोडून हेच विचारलं होतं. तिनं पांघरूण उघडलं, ऊन परतावं म्हणून गार पिशव्या लावून खोकी त्यात गुंडाळली आणि सावलीच्या बाजूला उभी राहिली. मी मेहुण्याला फोन केला, शेजाऱ्यांकडून किल्ली घे, गॅलरीतली चादर उचल आणि खालची स्टेपनी घेऊन ये म्हणून सांगितलं.

तेवढ्यात एक लॉन्ड्रीची व्हॅन थांबली. लाल त्रिकोण लांबून दिसला म्हणून वेग कमी केला, असं चालवणारा म्हणाला, आणि मी आशेनं बायकोकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. व्हॅन त्याच हॉटेलात टेबलांवरची कापडं घेऊन चालली होती. मागं सपाट जागा होती, पुढं एकच सीट रिकामी होती. खोकी चढवली. बायको बसली आणि खिडकीतून म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा. तुमचं सामान सांभाळा."

व्हॅन गेली. मी चमकतं जाकीट घालून रस्त्याच्या कडेला, माझ्या सामानाशेजारी बसून राहिलो. टोमणा मला लागला होता, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. तिला फोन केला, तिनं उचलला नाही. केक पोचला की नाही, फुलं राहिली की गेली, काही कळायला मार्ग नव्हता. बिस्किटांचा पुडा समोर होता. तोही उघडायला मला जीव होईना.

मेहुणा आला, हसू दाबत. स्टेपनीला कुणी असं चादरीत झोपवलेलं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं ती खाली टाकली तर ती उसळलीच नाही. हवाच नव्हती. दर रविवारी मी शिट्ट्या मोजल्या होत्या. स्टेपनी एकदाही दाबून पाहिली नव्हती.

"भाऊजी, पंप आहे ना तुमच्या सामानात?" मेहुण्यानं तो बाहेर काढला. पक्क्या प्लॅस्टिकमध्ये, लेबलासकट. "फोडू?"

"मी फोडतो," मी म्हणालो. नखांनी फाटेना, तेव्हा दातांनी फाडलं. मग पाय भरून येईपर्यंत पंप मारत राहिलो. मेहुणा दोनदा म्हणाला की मी मारतो. मी पाय काढला नाही.

हॉटेलवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको मागच्या दाराच्या पायऱ्यांवर, चपला काढून बसली होती. शेजारी रिकामी खोकी. मी खोक्यांत डोकावून पाहिलं.

"खालच्या थराची एक बाजू दबली," ती म्हणाली. "ती भिंतीकडे केली. मॅनेजरला कळलं, पण चव घेऊन काही बोलला नाही. पुढच्या शनिवारचा सांगितलाय."

"मी चुकलो," मी म्हणालो. "शनिवारसाठी व्हॅन सांगू का? पैसे मी देतो."

ती उठली, खोकी घेऊन गाडीपाशी आली आणि तिनं स्वतः डिकी उघडली. स्टेपनीच्या जागी फाटक्या टायरचं चाक होतं. वर फळी, आणि फळीवर काहीच नव्हतं. टॉर्च सेल घालून पुढच्या कप्प्यात ठेवला होता. पंप, त्रिकोण, दोर आणि प्रथमोपचाराचा डबा एका पिशवीत, माझ्या शेजारच्या सीटखाली. बाकीचं सामान मी मेहुण्याच्या गळ्यात मारलं होतं, दोन्ही शिट्ट्यांसकट.

तिनं त्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला. मग पर्समधून चंदेरी पांघरूण काढलं. त्यावरचं क्रीम तिनं पुसून घेतलं होतं, आणि त्याची घडी वेडीवाकडी, कोपऱ्याला कोपरा न जुळवता घातलेली होती.

"हे तुमच्या पिशवीत ठेवा," ती म्हणाली. "शनिवारी लागेल."

मी ते हातात घेतलं. घडी नीट करायला बोटं शिवशिवत होती. तशीच ठेवली.