सारसाची पाचवी

पक्षी बघायला जाणारी माणसं घरी परत आली की पक्ष्यांबद्दल फारसं बोलत नाहीत, एकमेकांबद्दलच बोलतात. आमचा गोंदियातला रविवारचा ग्रुप त्याला अपवाद नाही. इतकी वर्षं तलावांच्या पाळींवर आणि चिखलातून फिरतोय, पण पक्ष्यांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. ग्रुप म्हणजे तरी काय? निवृत्त मास्तर कटरे सर, रेडीमेड कपड्यांचं दुकान असलेला गुड्डूभैया आणि फुलचूरला दातांचा दवाखाना चालवणारी मी. बाकीचे लोक थंडीत येतात आणि पहिल्या जळूला पाहून गायब होतात!

*

सरांचा नियम एकच, तलावावर तोंड उघडायचं नाही. सगळं खाणाखुणांनी. एकदा पहाटे आम्ही असेच पाळीवर चिडीचूप रांगेत उभे, डोळ्यांना दुर्बिणी, गुड्डूभैयाच्या हातात तोफेएवढी लेन्स. समोर बेशरमाची दाट झुडपं आणि त्यामागे अडई बदकांचा मोठा थवा.

अचानक झुडपांतून एक काका उठले. मग दुसरे. मग तिसरे. प्रत्येकाच्या हातात टमरेल! कोणीतरी ओरडलं, "पळा बे, गुड मॉर्निंग पथक आलं! फोटो काढून राहिले!"

उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणारं सरकारी पथक समजून माणसं एका दिशेला पळाली, बदकं दुसऱ्या दिशेला उडाली. एक म्हातारबाबा तेवढे पळू शकले नाहीत. ते शांतपणे आमच्याजवळ आले आणि टमरेल मागे लपवत म्हणाले, "मी तं मासे पाहून राहिलो होतो, साहेब."

सरांनी तेवढ्याच शांतपणे विचारलं, "दिसले का?"

*

गुड्डूभैया पहिल्या दिवशी अत्तर लावून, पोपटी टी-शर्ट घालून आला होता. सरांनी झापलं, "चिखलात मिसळून जाईल असं काहीतरी घालत जा!" पुढच्या रविवारी गडी डोक्यापासून पायापर्यंत मिलिटरी छापाच्या कपड्यांत हजर! दुकानातलाच माल.

नेमके त्या दिवशी आम्ही सालेकश्याकडे, कचारगडच्या रस्त्याला गेलेलो. नक्षलवाद्यांच्या त्या भागात असे कपडे घालून, लांब नळी रोखून झुडपात पालथं पडायचं नसतं, हे याला कोण सांगणार? गस्तीवरचे जवान मागून येऊन उभे राहिले. गुड्डूभैयाचे दोन्ही हात वर. "साब, बगुला देख रहा हूँ!"

जवानाने लेन्समधून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तो छुप क्यूँ रहे हो? वो तो खुद भैंस पे खुलेआम बैठा है!"

*

माझाही एक सांगते. पोटरीएवढ्या चिखलात मी उभी. एक चप्पल तळाशी गेलेली. तेवढ्यात बांधावरून हाक, "मॅडम, तुमीच न दातवाल्या? दाढ लय ठणकून राहिली!" मी काही बोलायच्या आत माणसाने आ केला. आता धंदा म्हटला की बघावं लागतंच. मी आत डोकावले आणि मागे एकदम गलका झाला. त्या दिवशी सरांनी आणि गुड्डूभैयाने पाण्यात सूर मारून मासा उचलणारा गरुड पाहिला. मी किडलेली अक्कलदाढ पाहिली.

*

इटियाडोह धरणावर सर चहाच्या टपरीवर समजावत होते, की ही बदकं हिमालय ओलांडून, हजारो मैलांवरून दर हिवाळ्यात न चुकता इथे येतात. टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. म्हणाला, "आमचं पोट्टं पुण्याले गेलं तं दिवाळीलेही येऊन नाई राहिलं. अन् हे बरे येतात!"

सरांनी दुसरा चहा मागवला.

*

आणि आता गुड्डूभैयाचं सारस प्रकरण.

सारसाचं पिल्लू अंड्याबाहेर आल्या दिवशीच फोटोत पकडायचं, एवढीच त्याची इच्छा. यंदा आमच्या ओळखीच्या डोंगरवार काकूंच्या धानाच्या बांधीत, ऐन पाण्यात सारसाच्या जोडीने गवताचं घरटं रचलं. दोन अंडी! काकूंनी घरट्याभोवतीचा तुकडा धान रोवण्यातून सोडून दिला. काका कुरकुरले, तर काकू म्हणाल्या, "पोरगी बाळंतपनाले माहेरी आली, तिले हाकलू का?"

मग पाऊस लागला. बांधीतलं पाणी घरट्याच्या काठाला टेकलं. गुड्डूभैया रोज काकूंना फोन करायचा. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि हा विचारतोय, "काकी, अंडे सूखे हैं ना?" खरं सांगते, काळजीने मलाही झोप लागत नव्हती.

शेवटी काकूंचा फोन आला. "एक फुटलं!"

आम्ही गाडी दामटत पोचलो. बांधावर काकू कमरेला पदर खोचून, हातात विळा घेऊन उभ्या. शेजारी काका उकिडवे बसलेले.

"कुठं निघाले?"

"काकी, सिर्फ एक फोटो."

"बाळंतिनीच्या खोलीत असे गडीमानसं घुसतात का गा? तुह्या बायकोच्या वेळेस गेला होता का कॅमेरा घेऊन? पाचवीले या!"

"तब तक तो बच्चा घोंसला छोड देगा, काकी!"

"मंग सोडन. पाचवीच्या आधी कोनी नाई."

गुड्डूभैयाने आशेने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "माह्याकडं काऊन पाहता? मलेही जाऊ देऊन नाई राहिली. माह्याच बांधीत!"

सरांनी लांबूनच दुर्बीण लावली. मादी घरट्यावर घट्ट बसलेली, खाली काहीच दिसेना. दोन्ही अंडी आदल्या दिवसापर्यंत फुटायला हवी होती, असा त्यांचा हिशेब. हळू आवाजात म्हणाले, "दुसरं पाण्याने गार पडलं असणार. ते गेलं."

परतताना रेल्वे फाटकापाशी गुड्डूभैया स्वतःशीच म्हणाला, "फोटो गया भाड में. एक तो बचा ना." इतकं रडवेलं झालेलं मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. मला त्याची फार दया आली.

पाचवीला गेलो. गुड्डूभैयाने कॅमेरा गाडीतच ठेवला आणि खिशातून एक पुडकं काढलं. दुकानातलं सगळ्यात लहान मापाचं झबलं आणि टोपडं! सरांनी कपाळावर हात मारला. माझं हसू आवरेना. त्याने मात्र ते दोन्ही हातांनी काकूंपुढे धरलं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी झबलं उलटंपालटं करून पाहिलं, कापड चिमटीत धरून पाहिलं, टोपड्याची नाडी ओढून पाहिली. मग गुड्डूभैयाकडे डोळे वटारून म्हणाल्या,

"एकच जोड आनला काऊन गा? पिल्लं तं दोन आहेत!"