सिक निल

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका पोस्टवर होती. उंची अकरा हजार फूट. जवान सव्वीस, औषधाची पेटी एक, आणि त्या पेटीचा मालक मी, हवालदार, नर्सिंग असिस्टंट. खरा डॉक्टर खाली बटालियनमध्ये, चालत सहा तासांवर. म्हणून पोरं मलाच डाक्टर म्हणायची. मी कसला डॉक्टर! डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरचा बारावी पास माणूस. पण ताप, हगवण, खोकला आणि पाय, एवढं फौजेनं मला घोटून शिकवलं होतं.

लोक मला विचारतात, किती गोळ्या अंगावरून गेल्या? मला राग येतो. सबंध नोकरीत गोळी लागलेले दोनच जवान माझ्या हाताखालून गेले. पाणी कमी पिऊन, खोकला अंगावर काढून, पायाला फोड येऊन आडवे झालेले मात्र मी रोज बघत होतो. ते कुणाला ऐकायचं नसतं.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. सकाळी साडेसहाला सिक रिपोर्ट. ज्याला काही होतंय त्यानं माझ्यासमोर उभं राहायचं, मी ताप-नाडी बघून वहीत लिहायचं. संध्याकाळी पाचला फूट इन्स्पेक्शन. सगळे रांगेत बसणार, बूट-मोजे काढणार, मी टॉर्च घेऊन एकेकाच्या बोटांच्या बेचक्या बघत जाणार. वास यायचा. पण एकाचाही पाय मी सोडला नाही. आणि सकाळी सात वाजता रेडिओ सेटवर कंपनी हेडक्वार्टर.

"सिक स्टेट बताओ. ओव्हर."

"सिक निल. ओव्हर."

"शाबास. आउट."

निल म्हणजे आजारी कुणी नाही. निल म्हणजे पोस्टची इज्जत.

त्या पोस्टवर नाईक हरिश्चंद्र होता. मुरबाड तालुक्यातला, पण त्याचं गाव आमच्या पाड्यापासून ओढा ओलांडला की तीन किलोमीटर. दोन हजार किलोमीटर लांब गेलो आणि शेजारी भेटला. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "डोळखांबात अजून येष्टी येते का रं, का तुमी बैलगाडीनंच फिरता?" मी म्हणालो, "मुरबाडकरांनी बैल विकत दिले तर फिरू." झाली दोस्ती. त्याचे पाय अकरा नंबरचे, स्टोअरमधले बूट त्याला कधी नीट बसले नाहीत. त्यावरून त्याला सगळे छळायचे.

एकदा कंपनी कमांडर साहेबांनी सांगितलं, ज्या पोस्टचा सिक स्टेट महिनाभर निल राहील त्या पोस्टला एक बकरा. अठ्ठावीस दिवस निल गेले. एकोणतिसाव्या सकाळी हरी माझ्यासमोर उभा, ताप एकशे एक.

"लिवू नको, यशा."

"नियम आहे."

"बकरा जाईल रं. पोरं मला कच्चा खातील."

मी लिहिलं नाही. दोन गोळ्या दिल्या, गस्तीवरून त्याचं नाव काढलं आणि चुलीजवळ बटाटे सोलायला बसवला. दोन दिवसांत ताप उतरला. बकरा आला. हरीनं पहिली वाटी मला दिली आणि सगळ्यांसमोर सलाम ठोकला. मी पोट धरून हसलो. त्या दिवशी काही बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दोघंही एकाच वर्षी पेन्शनला आलो. हरी एका एजन्सीमार्फत वाशिंदच्या एका कारखान्यात सिक्युरिटी गार्ड लागला. मोटारसायकलवर जायचा, बारा तासांची ड्यूटी, बुटांना रोज पॉलिश. मला नोकरी करायची नव्हती. मी पाड्यावर दर रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या पडवीत सिक रिपोर्ट सुरू केला. बायको म्हणाली, "फौजेनं सोडलं, तुमी फौजेला सोडत नाय." खरंच होतं ते.

एक बीपीचं मशीन, एक साखरेचं मशीन, एक वजनकाटा आणि एक वही. औषध मी देत नव्हतो, तेवढी अक्कल होती. आकडे वहीत लिहायचे, सोमवारी आरोग्य खात्याच्या आशाताई यायच्या, त्या ज्यांचे आकडे वर त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जायच्या. आणि फूट इन्स्पेक्शन. आमच्याकडे चिखलात उभं राहणारे पाय. भेगा, कुजलेली नखं, काटे मोडलेले. मी पायाला हात लावला की म्हाताऱ्या पाय आखडून घ्यायच्या. "पाप लागंल गो बाय, लष्करातला माणूस माजे पाय धरतोय!" मग मी खाली वाकलेलाच आहे म्हणून डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायच्या. तिथून पुढं आशीर्वाद हा त्या रांगेचा नियमच झाला.

लोक यायचे, पण ऐकायचे नाहीत. ताप आला की बाजारच्या दिवशी सुई टोचून घ्यायची आणि दुपारी परत कामाला. साखरेची गोळी आठवडाभर खायची, बरं वाटलं की बंद. मी ओरडायचो. ते हसायचे. हरी सुट्टीच्या रविवारी बायकोला, सुमनवहिनींना, मागे बसवून यायचा, रांग लावून द्यायचा आणि ओरडायचा, "डाक्टरसायेब आले, पाय वर!" स्वतः मात्र कधी बसला नाही.

चैत्रातल्या एका रविवारी मी त्याला धरला. त्याचं वजन उतरलं होतं, पाण्याची बाटली हातातून सुटत नव्हती. सगळे गेल्यावर मी म्हणालो, "बोट दे." उपाशीपोटी तीनशे बारा. मी दुसऱ्या बोटाचं घेतलं. तीनशे सहा.

"ही साखर आहे, हरी."

"असंल."

"पायाला मुंग्या येतात?"

"मुंग्या काय, कायच नाय कळत. बरंय की, बूट चावत नाय आता." आणि हसला. मग मी पेन उघडलं तसा त्यानं वहीवर हात ठेवला. "लिवू नको. जूनमधी एजन्सीची मेडिकल हाय. ताईच्या कागदावर नाव गेलं का आख्ख्या गावात जातं. गेटवरून काढतील मला. मेडिकल झाली का मी स्वतः येतो, आयशप्पथ."

"सुमनवहिनींना सांग तरी."

"तिला सांगितलं का उद्या वाशिंदला कळंल."

मी काय केलं? मी बकऱ्याची आठवण काढून हसलो. अक्कल कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे. त्याच्या नावापुढची रेघ मी कोरी सोडली. त्याला भात कमी कर, चालत जा, दवाखान्यात जा असं चार वेळा सांगितलं आणि माझं काम झालं असं समजलो. जूनमध्ये मेडिकल झाली. ती कशी पार पडली ते मी विचारलं नाही. तो आला नाही आणि मीही गेलो नाही.

आषाढात भातलावणी लागली. हरीनं चार दिवस रजा काढून स्वतःच्या खाचरात अनवाणी लावणी केली. रस्त्याकडेच्या त्या खाचरात सहलीला येणारे लोक बाटल्या फेकतात. एक काच त्याच्या तळव्यात घुसली. त्याला कळलंच नाही. संध्याकाळी सुमनवहिनींना अंगणात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. हळद भरली, फडकं बांधलं आणि पाचव्या दिवशी मोजा चढवून, बूट घालून हा बारा तास गेटवर उभा. असा आठवडा गेला. ताप आला तेव्हा सुई घेतली आणि पुन्हा उभा. हे सगळं मला नंतर कळलं.

गुरुवारी सकाळी दहा-चाळीसला वहिनींचा फोन.

"भावजी, ह्यांचा ताप उतरत नाय. कायपन बडबडतायत."

"पाय दाखवला का त्यानं?"

"मोजा काढू देत नायत."

अकरा-पाचला मी पोचलो. ओसरीत पाय ठेवला आणि वास आला. पोस्टवरचा सगळा अनुभव त्या एका वासात परत आला. हरी खाटेवर, एका पायात मोजा. डोळे चकाकत होते.

"मोजा काढ."

"फिट हाय मी."

मी कात्रीनं मोजा कापला. दोन बोटं काळी. तळव्यातून पू. सूज पोटरीपर्यंत, कातडीवर लाल पट्टे वर चढलेले. नाडी एकशे अठ्ठावीस. बीपी नव्वदच्या खाली. साखरेच्या मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. आकडा मशीनच्या आवाक्याबाहेर गेला की तसं येतं.  

अँब्युलन्सला फोन लावला.

"पेशंट शुद्धीवर आहे?"

"आहे, पण भ्रमिष्ट. पायातून विष अंगात गेलंय. लवकर पाठवा."

"गाडी दुसऱ्या केसवर आहे. पाऊण तास लागेल."

पाऊण तास थांबलो नाही. शेजाऱ्याची जीप काढली. निघताना हरीनं हट्टानं धड पायात बूट घातला. वाटेतल्या एका ओढ्याच्या मोरीवरून पाणी वाहत होतं. पाणी उतरेपर्यंत पस्तीस मिनिटं आम्ही अलीकडे उभे. हरीचं डोकं माझ्या मांडीवर, पुढच्या सीटवर सुमनवहिनी. मध्येच त्यानं डोळे उघडले.

"डाक्टर, सिक स्टेट काय?"

"एक," मी म्हणालो.

"निल सांग."

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं. त्यानंतर तो शुद्धीत बोलला नाही.

एक-दहाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी पाच मिनिटांत सलाईन, इन्सुलिन, अँटिबायोटिक सगळं सुरू केलं आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची गाडीही बोलावली. काही कमी केलं नाही. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "ही साखर आजची नाही. आधी कधी कुणी तपासली नव्हती?"

सुमनवहिनी म्हणाल्या, "नाय वो. ह्यांना कायपन नव्हतं."

मी बाजूला उभा होतो. तीनशे बारा हा आकडा तोंडाबाहेर काढला नाही.

त्या संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलात गुडघ्याखालून पाय काढला. शनिवारी सकाळी सव्वानऊला हरी गेला. कागदावर लिहिलं होतं, जंतुसंसर्ग. दोन हिवाळे अकरा हजार फुटांवर काढलेला माणूस स्वतःच्या खाचरातल्या काचेनं गेला. माजी सैनिक म्हणून तिरंगा मिळावा यासाठी मी चार फोन केले. तिरंगा आला. अकरा नंबरचा एक बूट घराच्या दारात होता, दुसरा हॉस्पिटलातून आणायचा राहून गेला.

तेराव्यानंतरचा रविवार. मी पडवीत वही उघडून बसलो. चैत्रातल्या त्या कोऱ्या रेघेवर लिहिलं : हरिश्चंद्र, उपाशीपोटी तीनशे बारा, पायाला संवेदना नाही. खाली लिहिलं, लेट एन्ट्री, आणि सही केली. फौजेत लेट एन्ट्री पकडली गेली तर पेशी होते, साहेबांपुढं उभं करतात. इथं माझी पेशी घेणारं कुणी नव्हतं.

रांगेतले सगळे गेल्यावर सुमनवहिनी आल्या, एकट्या, पायी. मी वही त्यांच्यासमोर धरली आणि सांगून टाकलं.

"वहिनी, मला चैत्रापासून माहीत होतं. तो म्हणाला लिहू नको. मी नाही लिहिलं."

त्यांनी वाकून ती रेघ वाचली. मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मला एक शब्द सांगायचा होतात, भावजी. मी मोजा फाडून काढला असता."

"होय."

मग त्यांनी डोळे पुसले आणि बोट पुढं केलं. "माजी बघा."

उपाशीपोटी दोनशे चौसष्ट. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि पेन उघडलं.

वहिनींनी वहीवर हात ठेवला. त्याच जागी. "लिवू नका. कविताच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय. बाप साखरेनं गेला ते त्यांना कळलंय. आता आयला पन हाय म्हटलं तर पोरीला कोण करंल? लगीन होऊ द्या. मग मी स्वतः येते."

मी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि लिहिलं. नाव, तारीख, दोनशे चौसष्ट. सही.

 त्या उठल्या, चपला हातात घेतल्या आणि चिखलातून अनवाणीच निघाल्या. "वहिनी, चपला घाला," मी मागून ओरडलो. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. सोमवारी आशाताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा दाराला कडी होती. आतून.

बातमी फिरायला आमच्याकडे वेळ लागत नाही. लोक म्हणायला लागले, हवालदार सगळं लिहितो, मेलेल्याचंपण लिहितो. पुढच्या रविवारी चौघंच आले. त्याच्या पुढच्या रविवारी एक म्हातारी आली, पाय दाखवला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "साखर नको बघू रं बाबा."

परवाच्या रविवारी कुणीच आलं नाही. मी सातला वही उघडली आणि रोलकॉल घेतला, एकट्यानं, मोठ्यानं. पहिलं नाव हरिश्चंद्र. नाव घेतल्यावर माणसाला 'हजर' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबलो. मग पुढचं नाव घेतलं. यादी संपल्यावर मशीन पेटीत ठेवलं आणि पडवी झाडली.

सोमवारी आशाताईंचा फोन आला. त्या घाईत होत्या, दुसऱ्या पाड्यावर निघाल्या होत्या.

"दादा, ह्या आठवड्यात साखरेचे नवे किती?"

"निल," मी म्हणालो.

"चला, बरं झालं," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.