दमणीखाली वाकून बघणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई दमणीत बसायच्या आधी दमणीखाली वाकून बघायच्या. बैल जुंपलेले, आमचे हे कासरा धरून तयार, मी पोरीला घेऊन वर चढलेली, आणि या बाई पदर खोचून गुडघ्यावर, खाली टांगलेल्या झोळीत हात घालून चाचपत बसलेल्या. झोळीत असून असून काय असणार? बैलांचा कडबा, वंगणाचं नळकांडं, फार तर एखादा दोर. हे विचारायचे, "आत्या, चोर बसला हाय का तथी?" त्या सावकाश उठायच्या, हात झटकायच्या. "वरून समदं चांगलंच दिसते बाबू. खालून पाहा लागते." मग वर येऊन बसायच्या, त्याही बरोब्बर मध्ये.

मध्ये म्हणजे आम्हा नवराबायकोच्या मध्ये. ह्यांची ही सख्खी आत्या. ऐन तारुण्यात विधवा झालेली आणि तेव्हापासून भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, राहिलेली. आमचं गाव बडनेऱ्याच्या जवळ, अमरावतीहून दोन-अडीच कोसांवर. त्या दिवसांत साहेबलोकांच्या मुलखात कुठेतरी लढाई जुंपली होती आणि म्हणे त्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. घरात पैसा खेळत होता, त्यामुळे मामंजी दमणी द्यायला कुरकुरत नसत. पण सून नुसती नवऱ्याबरोबर हिंडते म्हटल्यावर गावानं कान टवकारले असते. सासूबाईंनी तोड काढली: जायचं तर आत्याबाई सोबत. माझ्या पदरात दोन वर्षांची गोदी होती, तरी माझ्यावर ही राखण. मनातल्या मनात मी त्यांना फौजदार म्हणायची. इकडे आम्ही काय बोललो, कुठे हसलो, ते सगळं तिकडे चुलीपुढे सासूबाईंच्या कानी जात असणार याची मला खात्रीच होती.

अमरावतीला अंबादेवीला गेलो की परत येताना राजापेठेच्या बाजूला एक मिठाईवाला बसे, तिथे थांबायचं. पेढे पुड्यात बांधून झाले की आत्याबाई पुडा सोडायच्या, एक पेढा काढून त्याच्याच पुढे धरायच्या. "आधी तू खा." तो बिचारा म्हणायचा, "बाई, माह्या हातचा माल, मीच खाऊ?" "म्हनूनच खा." तो खाईपर्यंत त्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. गिळला याची खात्री झाली की मग गोदीला तुकडा. पुढेपुढे तो शहाणा झाला. आम्हाला लांबून बघितलं की स्वतःच एक पेढा तोंडात टाकून ठेवी. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "आज आधीच खाऊन बसला. काहून?" आणि त्या दिवशी पेढे घेतलेच नाहीत.

एकदा बाजाराच्या दिवशी एका पाटलाची बंडी उभी होती. त्या साली काहींच्या डोक्यात पैसा असा चढला होता की चाकाच्या धावेला चांदी मढवायची. लोक गोल करून बघत होते, पाटील मिशीवर हात फिरवत उभा. आत्याबाई गर्दीतून आत घुसल्या, चाकाशी बसल्या, नखानं धाव खरवडली आणि बोट जिभेला लावलं. "कथील हाय," म्हणाल्या, आणि उठून चालायला लागल्या. पाटलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ह्यांनी हात जोडून, म्हातारं माणूस आहे, चुकलं, असं काहीबाही म्हणून कसंबसं निभावलं. मी पदराआड इतकी हसले की गोदी घाबरली. चांदी की कथील हे काही आम्हाला कळलं नाही, पण त्यानंतर ती बंडी बाजारात कुणाला दिसली नाही हे खरं.

माणसांवर नाही ते नाही, या बाईंचा देवावरही भरवसा नव्हता. सगळ्या बायका नवस बोलायच्या, या कधीच नाही. "आधी आपुन कबूल करायचं अन मंग त्याची वाट पायत बसायचं, हा कोनता धंदा?" लढाईनं आलेल्या भावाचंही तेच. मामंजी नव्या विहिरीच्या गोष्टी करायला लागले की या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "दुसऱ्याच्या भांडनावर आपली विहीर. त्याईचं भांडन मिटलं म्हंजे?" मामंजी रागानं ताटावरून उठायचे.

आता आमच्या पोटातलं सांगते. ह्यांच्या बोटांना कापसाची जाण होती. चिमूटभर कापूस ओढून बघितला की धागा किती लांब, ओल किती, हे डोळे मिटून सांगत. अकोल्याच्या एका सेठनं हे हेरलं आणि म्हणाला, दिवाळीच्या आत माझ्याकडे ये, पारखायचं काम देतो, राहायला खोलीही देतो. नाही आलास तर दुसरा माणूस बघतो. ह्यांनी मामंजींपुढे विषय काढून बघितला. मामंजी एवढंच म्हणाले, "माह्या जित्तेपनी या घरात दुसरी चूल पेटनार नाई." झालं, संपलं. पण ह्यांच्या मनातून ते जाईना आणि माझ्या तर मुळीच जाईना. मला माझी चूल हवी होती. आत्याबाईंना नुसता वास लागला असता तरी बैल शेतात गेले असते, आमचं फिरणं बंद झालं असतं आणि दिवाळी निघून गेली असती.

घरात दहा माणसं, वाटेत आत्याबाई. मग बोलायचं कसं? कापसाच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांचा हात धरत, बोटं दाबून भाव सांगत. बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसे. ह्यांनी ती विद्या मला शिकवली. आमचा हिशेब सोपा होता: एक बोट दाबलं की गप्प राहा, दोन म्हणजे हो, पाचही बोटं दाबली की जमलं. बाहेर कुठे टेकलो की गोदी मध्ये निजायची, तिच्यावर ह्यांचा शेला, आणि शेल्याखाली आमचं बोलणं.

बडनेऱ्याला नवी आगगाडी यायला लागली, ती बघायला गेलो. फुकट बघायला मिळते म्हणून गावंच्या गावं लोटली होती. तेवढ्यानंच आत्याबाईंना शंका. "फुकट दाखवून राहिले म्हंजे काईतरी नेतीन." गाडी आली तशी ती आपल्याकडे वळते की काय यावर नजर ठेवायला त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही मागे उतारावर बसलो. शेल्याखाली ह्यांनी माझी पाचही बोटं दाबली. सेठचा पक्का निरोप आला होता. मला इतका आनंद झाला की मी हात सोडायचं विसरले. आणि नेमक्या तेव्हा आत्याबाई वळल्या, आल्या, "पोरीले मुंगी तं नाई लागली?" म्हणून शेला उचलला.

त्यांनी आमचे हात बघितले. मग आमची तोंडं बघितली. शेला पुन्हा होता तसा टाकला, गोदीच्या पायाखाली नीट खोचलाही.

पुढचे तीन दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. सासूबाई आणि आत्याबाई दळायला बसल्या की मी काम काढून आजूबाजूला घोटाळायची. जातं थांबलं की मी दाराआड कान लावायची. तिसऱ्या दिवशी सगळी जेवायला बसली असताना आत्याबाई म्हणाल्या, "गोदीचा एक नवस राह्यला हाय. मांगच्या साली पोरगी तापानं फनफनली होती, तवा मी बोलली. अकोल्याले मोर्नेच्या काठी देवी हाय. मायबापानं पोरीले तथी न्या लागते."

सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. "वन्सं, तुमी अन नवस?"

"पोरगी लय बिमार होती," आत्याबाई म्हणाल्या, आणि कढी वाढून घेतली.

मामंजींनी परवानगी दिली. मला मात्र यात डावच दिसला. मी ह्यांना म्हटलं, म्हातारी आपल्याला तिथे नेऊन सेठच्या दारात पकडणार आणि इथे येऊन सांगणार. ह्यांनाही तसंच वाटत होतं. पण दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. कुणाला शंका नको म्हणून मी दोन लुगडी आणि गोदीचे कपडे एवढंच घेतलं आणि निघालो.

आगगाडीत बसायच्या आधी आत्याबाई डब्याखाली वाकल्या. रेल्वेचा शिपाई ओरडला तेव्हा कुठे उठल्या. बसल्यावर मी जरा टोचूनच विचारलं, "आत्याबाई, याच्या खाली काय शोधता?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मालक वारले तवा दीर म्हने, चार दिस माहेरी चाला, मन रमीन. मोठ्या मायेनं दमणीत बसोलं. माहेरी उतरली तं त्यानं खालच्या झोळीतून माहं गाठोडं काढलं अन भावाच्या ओट्यावर ठेवलं. समदे लुगडे, समदे भांडे. चार दिसाले कोनी एवढं बांधते काय?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "त्या दिवशी खाली पायलं असतं तं बसलीच नसती."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

अकोल्याला पोचल्यावर मुक्काम कुठे हे लपवता येईना; सेठनं दिलेली खोली दाखवायची वेळ आली तेव्हा हे दाराशीच वहाणा झटकत उभे राहिले. आत्याबाई स्वतःच आत गेल्या, भिंत ठोकून बघितली, आढ्याकडे बघितलं. मग आपलं गाठोडं सोडलं. त्यात तवा होता, दोन पातेली, पळी आणि मिठाची पुरचुंडी. "दोन लुगड्यात कोनाचा संसार झाला सूनबाई? येवढं खोटं बोलता, तं नीट तरी बोला लागते." मला रडू आलं. मी पाया पडले तर म्हणाल्या, "माह्या कुठी पडतं. सेठवर नजर ठेव. लय गोड बोलते तो." दुसऱ्या दिवशी गावच्या माणसांच्या सोबतीनं त्या परत गेल्या. घरी सांगितलं की पोरीला ताप आहे, मागून येतील.

आणि बघा माणसाची जात. महिन्याभरानं मामंजी थेट आमच्या दारात येऊन उभे राहिले. खोली कुठे, सेठ कोण, सगळं त्यांना ठाऊक. "तुमी मले मेले," एवढं म्हणून निघून गेले. आम्ही दोघांनी एका तोंडानं ठरवलं: म्हातारी शेवटी बोललीच. त्यानंतर वर्ष दीड वर्ष आम्ही तिला नावं ठेवली. तिच्याच तव्यावर भाकरी भाजत होते आणि ह्यांना म्हणत होते, पोटात एक, ओठात एक, अशी असतात काही माणसं. तिला कधी निरोप धाडला नाही, कधी सणाला बोलावलं नाही.

लढाई मिटली. कापसाचा भाव असा पडला की सेठनं अंगणातला माल तसाच टाकून गाशा गुंडाळला. ह्यांना दुसरीकडे निम्म्या पगारावर काम मिळालं. मग माझा मुलगा झाला, आणि नातवाचं तोंड बघायला सासूबाई आल्या. राग निवला होता. बोलता बोलता मी म्हटलं, "आत्याबाईंनी सांगितलं नसतं तर मामंजींना एवढा त्रास झाला नसता." सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तिनं? तिले इचारू इचारू आमी थकलो. गावच्या बंडीवाल्याईनं माह्या नारायनले सेठच्या इथी कापूस पारखतानी पायलं, त्याईनं सांगतलं. नवस खोटा होता हे कळलं तवा तुह्या सासऱ्याईनं तिले चांदूर बाजारले दिराकडे धाडून देल्लं. जातानी बी तोंड उघडलं नाई."

त्याच दिराकडे.

आम्ही पुढच्याच आठवड्यात निघालो. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, तिथून भाड्याची दमणी, दोन पोरं. आत्याबाई दिराच्या गोठ्याच्या पडवीत तुरी निवडत होत्या. वाळून काटकी झाल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. "कोन मेलं?"

"कोनी नाई आत्या. तुले न्याले आलो," हे म्हणाले.

त्यांनी माझ्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, बराच वेळ. "पोरं सांभाळाले बाई पाहिजे अशीन."

मी नाही म्हणणार होते. पण खोटं कसं बोलू? तेही मनात होतंच. मी काही बोलले नाही आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. "इथी बरं हाय," त्या म्हणाल्या. "इथले लोक कसे हायेत ते मले आधीच मालूम हाय. राह्याले सोपं जाते."

ह्यांनी हात जोडले, मी रडले, दोन घटका गेल्या. त्या हलल्या नाहीत. निघताना त्यांनी गोदीपुढे हात केला. ज्या पोरीला त्यांनी दमणीत मांडीवर घेऊन अमरावती दाखवली होती, ती माझ्या लुगड्याला धरून मागे लपली. मी तिला पुढे ओढायला लागले, अगं, या आपल्या आत्याबाई, जा, जा ना.

"राहू दे, ओढू नोको," आत्याबाईंनी हात मागे घेतला. "वळखीचं नसलं तं जाऊच नाई कोनाजवळ. लय बेस केलं पोरीनं." आणि पुन्हा सुपापाशी जाऊन तुरी निवडायला बसल्या.